चिरडणारी बोटं

प्रश्न : आम्ही वडोदऱ्यात कारेलीबागेत राहतो. सावली तालुक्यात आमची थोडी शेती आहे. तिथल्या गोठ्यात तीन संकरित गाई, दोन सुरती म्हशी आणि एक कालवड आहे. गोठा सांभाळणारे काका त्याच गावचे, साठीचे. संध्याकाळची धार झाली की ते गाईंच्या कानातून, शेपटीखालून गोचिडी ओढून काढतात आणि अंगठ्याच्या नखाखाली चिरडतात. परवा माझा सात वर्षांचा नातू त्यांच्या शेजारी बसून तेच करत होता. त्याची बोटं रक्ताने माखली होती. मी ओरडले तर काका हसून म्हणाले, ‘बेन, ए तो ढोरनुं जीवडुं छे, माणसने शुं करवानुं?’ काँगो तापाबद्दल ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घरचे म्हणतात, गाई विकून टाकू. दूध तरी घ्यावं की नाही?
— एक आजी, कारेलीबाग

उत्तर : ताई, गाई विकू नका. काँगो ताप हा गोचिडीतून आणि लागण झालेल्या गुराच्या रक्तातून माणसाला होणारा विषाणूचा ताप आहे. दूध आपण नेहमी उकळतो तसं उकळून प्या, उकळीत हा विषाणू टिकत नाही. नातवालाही शेतावर खुशाल न्या. बंद करायची ती एकच गोष्ट, उघड्या बोटांनी गोचीड चिरडणं. ती मात्र आजपासून बंद.

मी सत्तावीस वर्षं डभोई, वाघोडिया आणि सावलीकडच्या गावांत गुरांची डॉक्टर म्हणून फिरले. तुमच्या काकांचं वाक्य मी इतक्या गोठ्यांत ऐकलंय की ते वाचताना शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास आला. ‘ढोराचं जिवडं आहे.’ या वाक्याकडे अडाणीपणा म्हणून बघू नका. त्यामागे मोठा अनुभव आहे आणि त्या अनुभवाला एकच भोक आहे. ते भोक कुठे आहे हे कळलं, तर काकांशी काय बोलायचं तेही कळेल.

गोचिडीला इकडे इतरडी म्हणतात. काकांना विचारून बघा, तुमच्या सहा जनावरांपैकी सगळ्यात जास्त इतरडी कुणाच्या अंगावर असतात. ते क्षणात संकरित गाय दाखवतील आणि म्हशीकडे हातही करणार नाहीत. बरोबर आहे त्यांचं. म्हैस चिखलात लोळते, तिच्यावर गोचीड कमी टिकते. आपली गीर किंवा कांकरेज गाय स्वतःला चाटून, कातडी थरथरवून बऱ्याच गोचिडी झटकते, आणि तिच्या कातडीतच एक जन्मजात प्रतिकार असतो. संकरित गाईत तो कमी उतरतो. दूध जास्त देणारी गाय गोचिडींचंही जास्त पोट भरते, असं मला पादऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं होतं. पुस्तकात मी ते वेगळ्या शब्दांत शिकले होते, इतकंच.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. वाघोडिया तालुक्यात एका माजींनी बाजारातून आणलेली गाय पंधरा-वीस दिवस आवाराच्या दुसऱ्या टोकाला बांधून ठेवली होती. मी म्हटलं, कशाला तिला एकटी पाडता, खंगेल ती. माजी म्हणाल्या, आधीच्या खेपेला नवी गाय लगेच दावणीला बांधली, तिच्या अंगावर इतरडी होत्या, आणि पंधरवड्यात माझ्या जुन्या गाईला लाल लघवी झाली. ती गेली. मी कॉलेजातून ताजी निघालेली, मान डोलावली आणि विसरले. पण माजींनी नजरेनं जे पकडलं होतं ते शंभर टक्के खरं होतं. लाल लघवीचा तो रोग म्हणजे बबेसिया, आणि तो गोचीडच एका गुरातून दुसऱ्यात नेते.

हीच गोष्ट अमेरिकेत घडून गेली आहे. टेक्सासची गुरं उत्तरेकडे हाकत नेली की वाटेवरच्या गावांतली गुरं तापानं आणि लाल लघवीनं पटापट मरायची. टेक्सासची गुरं मात्र ठणठणीत. गुरं पाळणारे म्हणत होते की हे गोचिडींचं काम आहे, आणि जाणते लोक ते उडवून लावत होते. शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी त्या बोलण्याची नीट परीक्षा घेतली आणि १८९३ साली ते सिद्ध करून छापलं. गोचीड रोग पसरवते याचा तो पहिला पक्का पुरावा. हे वाचल्यापासून गोठ्यातलं कुठलंही बोलणं मी कान देऊन ऐकते.

आता भोक कुठे आहे ते सांगते. गावातला माणूस धोका जनावराकडे बघून मोजतो. गाय खात नाही, रवंथ थांबलं, खांद्यापुढची गाठ सुजली, दूध आटलं, की धोका आला. हे मोजमाप गुरांच्या बहुतेक रोगांना लागू पडतं. काँगो तापाला पडत नाही. त्या विषाणूची लागण झालेली गाय, शेळी किंवा मेंढी आजारी दिसतच नाही. साधारण आठवडाभर विषाणू तिच्या रक्तात असतो आणि त्या दिवसांतही ती चारा खाते, दूध देते, वासराला चाटते. काकांची नजर, जिच्यावर त्यांचा आयुष्यभराचा भरवसा आहे, ती इथे काहीच सांगत नाही. म्हणून ‘माणसाला काय होणार’ हे वाक्य त्यांना खरं वाटतं. आणि त्यांच्या आयुष्यात ते आजवर खरंच ठरलंय.

या रोगाचं नाव दोन जागांवरून पडलं. १९४४ साली क्रिमियात सैनिकांमध्ये तो दिसला, पुढे १९५६ साली काँगोत तोच विषाणू सापडला. भारतात त्याची पहिली खात्रीशीर नोंद आपल्या गुजरातची आहे, जानेवारी २०११, अहमदाबाद जिल्ह्यातला साणंद तालुका. एक बाई दगावली आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं निदान केलं. त्या गावातल्या जनावरांत आणि गोचिडींतही लागण सापडली. नंतरही गुजरातेत अधूनमधून रुग्ण आढळत आले आहेत. लागण होऊन आजारी पडलेल्यांत दगावण्याचं प्रमाण १० ते ४० टक्के धरलं जातं. आकडा भयंकर आहे, पण लागणच मुळात फार थोड्यांना होते. लाखो लोक रोज धार काढतात आणि त्यांना काही होत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवा, म्हणजे झोप लागेल.

तेव्हा मी नोकरीत होते. बातमी आली त्या आठवड्यात मला गावागावांत दोनच प्रश्न विचारले गेले. डेअरी दूध घेईल ना? आणि सरकार आमची ढोरं उचलून नेणार नाही ना? स्वतःच्या तापाबद्दल कुणीच विचारलं नाही. एका गावात भिंतीवर पत्रक लावलेलं होतं, ‘जनावरांशी संपर्क टाळा’. एका वहिनींनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्या पहाटे चारला उठून पाच गाईंची धार काढत, शेण भरत, वासराला बोटानं दूध चाटवत. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या सल्ल्यानं चूल बंद पडते तो सल्ला भिंतीवरच राहतो, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. त्यानंतर मी ‘टाळा’ हा शब्द वापरणं सोडलं.

मग काय चाललं, ते सांगते. गोचीड हातानं काढण्याची सवय कुणी सोडत नाही आणि सोडूही नये, दोन-चार जनावरं असली तर तो चांगला उपाय आहे. फक्त मधे काहीतरी आड हवं. रबरी हातमोजे वाटले, ते तिसऱ्या दिवशी खुंटीला लागले, उन्हाळ्यात हात घामानं भिजतात. टिकली ती दुधाची रिकामी पिशवी. धुऊन हातावर चढवायची, तिच्यातून गोचीड धरायची, कातडीलगत पकडून सरळ ओढायची आणि शेजारच्या डब्यात टाकायची. डब्यात साबणाच्या पाण्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल. चिरडायची नाही, जमिनीवर टाकायची नाही, चुलीतही टाकायची नाही, कारण तापली की ती फुटते. काम झालं की हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. बोटाला चीर, कापलेलं, नखुर्डं असेल तर त्या दिवशी हे काम दुसऱ्यानं करावं. आणि नातवाला हे काम कुठल्याच दिवशी नाही.

काकांना पटवायचं कसं? त्यांच्या बापाचं नाव घेऊन वाद घालू नका. मी दोन गोष्टी करायचे. पांढऱ्या फडक्यावर एक फुगलेली गोचीड ठेवून काडीनं दाबायची, चेहरा लांब ठेवून. रक्त केवढं लांब उडतं ते फडक्यावर दिसतं. मग म्हणायचं, काका, हेच रोज तुमच्या डोळ्याजवळ उडतंय. दुसरी गोष्ट बरणीची. गळून पडलेली टम्म मादी काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि गोठ्यात वरच्या फळीवर राहू द्या. काही दिवसांत ती अंडी घालू लागते, खसखशीसारखी, दोन-तीन हजार. हे बघून माणसं गप्प होतात. मग बरणी उकळत्या पाण्यात रिकामी करायची.

बरणीनं आणखी एक गोष्ट शिकवता येते. अंडी गाईवर घातली जात नाहीत. मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली, विटांच्या सांध्यात शिरते आणि तिथे घालते. म्हणजे गाईवर कितीही औषध मारलं तरी गोठा भरलेलाच. भेगा सिमेंटनं किंवा चुना-मातीनं बुजवा, भिंतींना चुना द्या, उकिरडा गोठ्यापासून लांब न्या. कोंबड्या असतील तर मोकळ्या सोडा, त्या गोचिडी टिपतात, आजीबाईंचा हा उपाय खरा आहे. तंबाखूचं पाणी मात्र नको. त्यातलं निकोटीन कातडीतून भिनतं आणि वासरू थरथरून पडलेलं मी पाहिलंय. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळा जातो.

फवाऱ्याचं औषध आणाल तेव्हा बाटलीवरचं प्रमाण पाळा. पैसे वाचवायला एका बाटलीत दोन गोठे करण्याची रीत मी सगळीकडे पाहिली. अर्ध्या औषधानं दुबळ्या गोचिडी मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आज बऱ्याच ठिकाणी नीट चालत नाहीत त्याचं हेही एक कारण आहे. दोन-तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा करावी लागते, तेव्हा औषधाचा गट बदलायचा का हे तुमच्या पशुवैद्याला विचारा. फवाऱ्याआधी गुरांना पोटभर पाणी पाजा, म्हणजे अंग चाटणार नाहीत. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारून घ्या, ते विष उकळून जात नाही.

शेवटचं, आणि हे फ्रिजवर चिकटवा. शेतावरून आल्यावर नातवाला अंघोळ घालताना कानामागे, केसांच्या मुळाशी, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, चटका देऊ नका, तेल-रॉकेल ओतू नका. जागा साबणानं धुवा, कॅलेंडरवर तारीख लिहा. पुढच्या दोन आठवड्यांत घरात कुणालाही, काकांनाही, अचानक जोराचा ताप, डोकं-पाठ दुखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त असं काही झालं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि पहिलंच वाक्य बोला, ‘आमच्याकडे गुरं आहेत, गोचीड लागली होती.’ साणंदच्या त्या बाईवर उपचार करणारे जे डॉक्टर दगावले, त्यांना समोर काय आहे याची कल्पना नव्हती.

प्रश्न : दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. कुत्र्याच्या अंगावर गोचिडी झाल्या, त्या आता पडद्यावर आणि भिंतीवरही चढतात. गावचा मित्र गुरांच्या फवाऱ्याचं औषध देतोय. लावू का? घरात मांजरही आहे.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : नको. मांजर आहे म्हणून तर अजिबात नको. गुरांच्या औषधातले परमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनसारखे पदार्थ मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत. कुत्र्याच्या अंगाला घासून गेली तरी ती झटके येऊन मरू शकते.

तुमच्याकडची गोचीड तपकिरी, कुत्र्यांची. ती आख्खं आयुष्य घरात काढू शकते आणि अंडी घालायला वर चढते, म्हणून भिंतीवर, पडद्याच्या चुण्यांत, लाकडी पाटणीच्या फटींत दिसते. जुन्या वाड्यात तिला जागाच जागा. कुत्र्याला पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे गोळी द्या, अशा गोळ्या आता मिळतात आणि एक महिना किंवा जास्त काम करतात. पण घर साफ केल्याशिवाय उपयोग नाही. फटी बुजवा, कुत्र्याची गादी उकळत्या पाण्यात टाका, रोज झाडलेला कचरा साबणाच्या पाण्यात बुडवा. दोन-तीन महिने चिकाटी लागेल. कुत्रा मलूल झाला, नाकातून रक्त आलं, हिरड्या फिक्या पडल्या तर वाट बघू नका, रक्त तपासा. हा गोचिडीतून होणारा एर्लिकियाचा आजार असू शकतो आणि वेळेत कळला तर डॉक्सिसायक्लिननं बरा होतो.

प्रश्न : दर उन्हाळ्यात आम्ही वडोदऱ्याहून सिंधुदुर्गात गावी जातो. काजूच्या बागेत काम असतं. तिथे लोक माकडतापाबद्दल बोलतात. तो गुरांच्या गोचिडींचाच का? जावं का नाही?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : जा, काजू काय आपणहून घरी येणार नाहीत. माकडतापाचा विषाणू वेगळा आणि गोचीडही वेगळी, रानातली. हा रोग १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, म्हणून त्याला क्यासनूर जंगल ताप म्हणतात. सिंधुदुर्गात २०१६ पासून त्याचे रुग्ण दिसू लागले. नेमका डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, आणि काजूचाही तोच. त्या दिवसांत गोचिडीची लहान पिल्लं पाचोळ्यात असतात, टाचणीच्या डोक्याएवढी, अंगावर चढलेली कळतही नाहीत.

गावची माणसं रानात माकड मेलेलं दिसलं की त्या वाटेनं जात नाहीत. ही त्यांची खूण शास्त्राला धरून आहे, कारण माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पसरतात. तुम्हीही तेच करा आणि आरोग्य केंद्राला कळवा. माकडाला हात लावू नका. बागेत पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यांत खोचलेला. आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळालं तर ते लावून जा. पाचोळ्यावर बसू नका, पाचोळा घरी आणू नका. संध्याकाळी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ.

लागण झाल्यावर ताप साधारण तीन ते आठ दिवसांत येतो. म्हणजे तुम्ही मांजलपूरला परतल्यावरही येऊ शकतो. इथला डॉक्टर मलेरिया बघेल, डेंग्यू बघेल, माकडताप त्याच्या डोक्यात येणार नाही. गाव कुठलं, बाग कसली, कुठल्या तारखेला परतलात, हे त्याला न विचारता सांगा.